आकाशालाही पडदा लागतो

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर, नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरच्या आसपास हिवाळी पहाटे धुके उतरले, की समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांचे झोत हवेत लांबच लांब पसरलेले दिसतात. त्याच ट्रकचे तेच दिवे कोरड्या, स्वच्छ रात्री पाहिले तर झोत कुठेच नसतो. दूरवर दोन प्रखर ठिपके असतात आणि गाडी जवळ आली की रस्ता उजळतो, एवढेच. मधल्या हवेतून उजेड तेव्हाही जातच असतो. पण त्याला आपल्या डोळ्यांकडे वळवणारे काही वाटेत नसल्यामुळे तो दिसत नाही. धुक्यात पाण्याचे असंख्य बारीक थेंब तरंगत असतात, ते उजेडाचा थोडाथोडा भाग वाटेतून बाहेर फेकतात, आणि त्यातला जो अंश आपल्यापर्यंत पोचतो त्याला आपण झोत म्हणतो. पावसाळ्यात देवगोई घाट चढणाऱ्या चालकाला याची दुसरी बाजूही ठाऊक असते. दाट धुक्यात दिवे अप्परला टाकले तर पुढचा रस्ता दिसायचा राहतो आणि आपलाच उजेड पांढरी भिंत होऊन अंगावर येतो. आकाशात खोटे देव, खोट्या तबकड्या, खोटे युद्ध दाखवून लोकांना फसवण्याची यंत्रणा बड्या सत्तांनी तयार ठेवली आहे, अशी एक शंका जगभर आणि आपल्याकडच्याही मोबाइलवर फिरत असते. तिचा विचार करताना या दोन साध्या गोष्टी हाताशी ठेवाव्यात. हवेत चित्र उमटवायचे तर उजेड अडवणारे काहीतरी हवेत असावे लागते, आणि ते पाहणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत असावे लागते. माझे म्हणणे असे, की एवढ्या एका नियमामुळे आकाशातली मोठी फसवणूक जवळजवळ अशक्य होते, आणि तशी कोणी केलीच तर ती उघडी पाडणे दोन गावांतल्या दोन माणसांनाही जमते.

पाण्याच्या पडद्यावर चित्र दाखवण्याची कला मात्र अगदी खरी आहे. खापरपासून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. त्या राज्याच्या राजधानीत, गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात, 2010 पासून कठोपनिषदातल्या नचिकेताची गोष्ट पाणी, आग, लेझर आणि प्रक्षेपित चित्रांतून सांगितली जाते. अशा खेळातले यंत्र समजायला अवघड नाही. जोरदार पंपाने पाणी एका चपट्या तोटीतून वर सोडतात, ते मोराच्या पिसाऱ्यासारखे अर्धवर्तुळात फाकते, आणि त्या पातळ फवाऱ्यावर प्रोजेक्टरने चित्र टाकतात. प्रेक्षक काळोखात बसलेले असतात, मागचे पाणी काळे असते, म्हणून चित्र अधांतरी उभे राहिल्याचा भास होतो. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडने 1992 पासून हेच तंत्र आपल्या रात्रीच्या खेळात वापरले. फिनलंडमधल्या टाम्पेरे येथील संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला त्याची नाजूक आवृत्ती बनवली: दोन्ही बाजूंनी संथ हवेचे पदर सोडून मधोमध कोरड्या वाफेचा अगदी पातळ पडदा धरायचा, ज्यातून माणूस न भिजता चालत जाऊ शकतो.

या सगळ्या यंत्रांत एक गोष्ट समान आहे, आणि मुद्द्याच्या दृष्टीने तीच मोलाची आहे. पाण्याच्या पडद्याच्या खेळात प्रोजेक्टर सहसा पडद्याच्या मागे ठेवतात, प्रेक्षकांच्या समोरच्या बाजूला. धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो, तरीही उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा तो कितीतरी मोठा असतो. असा थेंब आपल्यावर पडलेला बहुतेक उजेड पुढच्या दिशेनेच फेकतो. बाजूला आणि मागे जातो तो थोडाच. त्यामुळे चित्र ठसठशीत दिसते ते प्रोजेक्टरच्या नेमक्या समोर बसलेल्यांना. बाजूच्या कठड्याजवळ उभ्या असलेल्याला तेच चित्र फिके, तिरके, ओळखू न येणारे दिसते, आणि त्याहून बाजूला गेले की उरतो नुसता रंगीत फवारा. वारा सुटला तर पडदा फाटतो आणि चित्रही त्याच्याबरोबर फाटते. म्हणून असे खेळ ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, खुर्च्या मांडून होतात. सोय हे त्याचे एक कारण. पण खुर्ची हलवली की चित्रच हरवते, हे खरे कारण.

सह्याद्रीत हा खेळ निसर्ग स्वतः करतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या आगेमागे, सूर्य पाठीशी आणि खालून चढणारे ढग समोर, असा योग आला की ढगांवर गोल रंगीत कडे दिसते आणि त्याच्या मधोमध पाहणाऱ्याची सावली. गिर्यारोहक त्याला इंद्रवज्र म्हणतात. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची पाहणी करणाऱ्या विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने 1835 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलेल्या निबंधात या दृश्याची नोंद करून ठेवली आहे. त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्या बरोबरच्या नोकरांना समोरच्या ढगातल्या आकृती आपल्याच सावल्या आहेत हे खरे वाटेना. म्हणून त्यांनी हात हलवले, पाय झाडले, अंग वेडेवाकडे करून पाहिले; आकृत्याही तशाच हलल्या, आणि हळूहळू त्यांच्या मनातली भीती गेली. कोणी पंडित त्यांना समजवायला आला नव्हता. समोर दिसणारी गोष्ट आपल्या जागेशी आणि हालचालीशी बांधलेली आहे का, हे त्यांनी स्वतःच करून पाहिले. शिवाय या वलयाचा आणखी एक गुण आहे: शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी प्रत्येकाला ते रंगीत वलय स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नाही. एकाच ढगावर, एकाच क्षणी, दोघांचे दृश्य वेगळे. तोरणमाळच्या कड्यावर उभे राहून समोरच्या दरीत ढग आणि पाठीशी कोवळे ऊन, असा योग साधला तर तिथेही प्रकाशाचे हेच नियम लागू आहेत.

माणसाने धुराधुक्याचा वापर फसवण्यासाठी केला नाही असे नाही. अठराव्या शतकात लाइपझिगमध्ये श्र्योप्फर नावाचा इसम मृतात्मे बोलावत असल्याची बतावणी करून मॅजिक लँटर्नची चित्रे धुरावर टाकत असे. त्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रोबेरसन या नावाने गाजलेल्या कलावंताने तेच तंत्र उघडपणे रंगमंचावर आणले, आणि काळोख्या मठात धुरातून येणाऱ्या भुतांना पाहून प्रेक्षक किंचाळत. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1890च्या दशकात काचपट्ट्यांवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर हलती करून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने पौराणिक कथांचे खेळ केले. त्यांनी हा खेळ आहे हे कधी लपवले नाही, आणि चलच्चित्रपटाच्या आधीच्या मराठी प्रेक्षकाला पडद्यावरची माणसे हलताना दाखवली. लंडनमध्ये 1862 साली डर्क्स आणि पेपर यांनी तिरक्या काचेत नटाचे प्रतिबिंब पाडून रंगमंचावर भूत उभे केले. आज ज्याला सर्रास होलोग्राम म्हटले जाते ते बहुतेक वेळा पेपरचे हेच भूत असते, काचेऐवजी ताणलेला पारदर्शक पडदा लावून. 2012च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत आणि 2014च्या लोकसभा निवडणुकीत नरेंद्र मोदी एकाच वेळी अनेक गावांतल्या व्यासपीठांवर प्रकटले ते याच तऱ्हेने. प्रत्येक गावी मंच, काळोख, तिरका पडदा आणि फक्त समोर बसलेला श्रोता, एवढी तयारी लागली. दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली 23 जानेवारी 2022 रोजी नेताजी सुभाषचंद्र बोसांची 28 फूट उंच प्रतिमा प्रकटली तेव्हाही 30,000 ल्यूमेनचा प्रोजेक्टर आणि जवळजवळ पारदर्शक असा पडदा वापरला होता. दिवस उजाडला की प्रतिमा मावळत असे. देशाच्या सरकारने, राजधानीत, उघडपणे, हवा तेवढा खर्च करून केलेले काम असे होते: 28 फूट, रात्री, पडद्यावर, समोरून पाहण्यासाठी.

तरी शंका जुनी आणि चिवट आहे. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट 1914 मध्ये, बेल्जियममधल्या माँस येथे इंग्रज फौजेला देवदूतांनी वाचवले अशी कहाणी इंग्लंडभर पसरली. तिच्या मुळाशी आर्थर मॅकेन या लेखकाने सप्टेंबरच्या अखेरीस वर्तमानपत्रात लिहिलेली एक काल्पनिक गोष्ट होती. आपण ती रचली असे तो पुढे सांगत राहिला, पण ऐकायला कोणी तयार नव्हते. मग 1930च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रांतून उलटा दावा आला: ते देवदूत म्हणजे जर्मनांनी विमानांतून ढगांवर टाकलेली सिनेमाची चित्रे होती, असे एका जर्मन अधिकाऱ्याच्या नावावर छापले गेले, आणि त्या नावाचा कोणी अधिकारीच नाही असा खुलासा लगेच बर्लिनहून झाला. म्हणजे आधी रचलेला चमत्कार, आणि मग त्या चमत्कारामागचे रचलेले यंत्र. 1994 साली कॅनडातल्या क्विबेक प्रांतातला पत्रकार सर्ज मोनास्त याने ‘प्रोजेक्ट ब्लू बीम’ या नावाखाली तीच शंका नव्याने मांडली: नासा आणि संयुक्त राष्ट्रसंघ मिळून आकाशात प्रत्येक धर्माचा देव दाखवतील आणि मग सगळ्यांवर एकच धर्म लादतील. त्याने दिलेली वर्षे येऊन गेली, 1996 मध्ये तो स्वतःही गेला, पण कुठे रॉकेट भरकटून आभाळात वलय उमटले, कुठे अनोळखी दिवे दिसले, की तेच नाव पुन्हा वर येते.

लष्करांनी असा विचार केला तरी आहे का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर होय असे आहे. अमेरिकी पत्रकार विल्यम आर्किन यांनी फेब्रुवारी 1999 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’साठी लिहिलेल्या लेखात आखाती युद्धाच्या काळातली एक कल्पना उघड केली होती. बगदादच्या आभाळात अल्लाची प्रतिमा दाखवून इराकी जनतेला सद्दामविरुद्ध उठवावे, अशी ती कल्पना. शंका घेणारे हा लेख आपल्या बाजूचा पुरावा म्हणून दाखवतात, पण त्यातले पुढचे वाक्य सोडून देतात. हिशेब करायला सांगितलेल्या शास्त्रज्ञांना आढळले, की काही शे फूट आकाराच्या प्रतिमेसाठी अवकाशात मैलभर लांब आणि मैलभर रुंद एवढ्यापेक्षाही मोठा आरसा लागेल, शिवाय प्रचंड प्रोजेक्टर आणि वीज. कल्पना तिथेच राहिली. इस्लाममध्ये ईश्वराची प्रतिमाच मानत नाहीत, तेव्हा बगदादच्या माणसाने ती ओळखायची कशावरून, हा प्रश्नही कोणीतरी विचारला असावा अशी आशा आहे. अवकाशातला आरसा म्हणाल तर तोही प्रत्यक्षात करून पाहिला गेला आहे. 4 फेब्रुवारी 1993 रोजी रशियाने ‘झ्नाम्या’ या प्रयोगात ‘मिर’ स्थानकाजवळच्या मालवाहू यानावरून 20 मीटर व्यासाचा चकचकीत पडदा उलगडला. त्याने सूर्याचा उजेड पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला पाडला, आणि सुमारे पाच किलोमीटरचा एक कवडसा सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने युरोपवरून धावत गेला. त्यात चित्र नव्हते, आकार नव्हता, आणि जिथे ढग होते तिथे खालच्या माणसाला जवळपास काहीच कळले नाही. 1999 मध्ये दुसऱ्या प्रयत्नात पडदा यानाच्या अँटेनात अडकून फाटला. एवढे सगळे जाहीर होते, आणि तसे ते राहणारच. अवकाशात फिरणारी मोठी, चकाकती वस्तू जगभरच्या हौशी आकाशनिरीक्षकांपासून लपवता येत नाही.

जमिनीवरून ढगावर चित्र टाकायचे म्हटले तर हिशेब आपल्यालाही करता येतो. सिनेमागृहाच्या पडद्यावर दर चौरस मीटरला साधारण 150 ल्यूमेन उजेड पडतो. ढगावर एक किलोमीटर लांब-रुंद चित्र तेवढेच उजळ हवे असेल तर 15 कोटी ल्यूमेन लागतील, म्हणजे नेताजींच्या प्रतिमेसाठी वापरला तसले 5,000 प्रोजेक्टर. अंधाऱ्या रात्री शंभरपट फिके चित्रही दिसेल, हे मान्य करून चालू. तरी पन्नास प्रोजेक्टर उरतात, आणि ते सगळे एकाच चित्रावर नेमके जुळवायचे. दिवसा तर विचारच नको. भर उन्हात दर चौरस मीटरला एक लाख ल्यूमेनच्या घरात उजेड पडतो, तेव्हा सूर्याची बरोबरी करायची तर त्याच चौरस किलोमीटरला तसले 33 लाख प्रोजेक्टर लागतील. आणि पुरेसा उजेड मिळवला तरी ढग हा वाईट पडदा आहे. पाण्याच्या खेळात पडदा मुद्दाम पातळ ठेवतात, कारण जाड धुक्यात उजेड आत शिरतो, थेंबाथेंबावरून उड्या मारतो आणि चित्राच्या कडा पुसल्या जातात. ढगाची जाडी शेकडो मीटर. त्यावर फार तर उजेडाचा ठिपका किंवा ओबडधोबड आकृती उमटेल, डोळे, ओठ, हावभाव असलेला चेहरा नव्हे. शिवाय पावसाळ्याचे चार महिने सोडले तर नंदुरबारच्या आभाळात बहुतेक वेळ ढग नसतोच. ज्या दिवशी पडदा नाही त्या दिवशी खेळ नाही. आणि ज्या दिवशी पडदा आहे, त्या दिवशी दमट हवेत प्रोजेक्टरचा झोतही महामार्गावरच्या ट्रकच्या झोतासारखाच दिसेल. त्याच्या मागोमाग चालत गेले की यंत्रापाशी पोचाल.

इथे जाणकार वाचक विचारील, की खऱ्या होलोग्रामला पडदा कुठे लागतो? हंगेरीत जन्मलेल्या डेनिस गाबोर यांनी 1947-48 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1971 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यात वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशलहरींचा ठसाच एका पट्टिकेवर घेतात, आणि नंतर त्या ठशातून वस्तू जणू खरोखर समोर आहे अशी दिसते, मान हलवली तर तिची दुसरी बाजूही दिसते. पण ती दिसते पट्टिकेच्या चौकटीतून. चित्र पट्टिकेच्या पुढे आल्यासारखे वाटले तरी डोळा, चित्र आणि पट्टिका एका रेषेत असावे लागतात. पट्टिकेच्या कडेबाहेर नजर गेली की काहीच नाही. साऱ्या नंदुरबार जिल्ह्याला आकाशात होलोग्राम दाखवायचा तर प्रचंड मोठी पट्टिका आकाशात टांगावी लागेल. दुसरी वाट लेझरची. हवेतच एका बिंदूवर तीव्र लेझर एकवटून ठिणगी पाडता येते आणि अशा ठिणग्यांनी आकृती काढता येते. जपानी संशोधकांनी हे करून दाखवले आहे, आणि बोटाने स्पर्श करता येईल अशी त्यातली सर्वांत नाजूक चित्रे घन सेंटिमीटरच्या घरातली आहेत. आकाशात मोठी आकृती खरोखर काढता येते ती ड्रोनने. 29 जानेवारी 2022 रोजी दिल्लीत बीटिंग रिट्रीट सोहळ्यात भारतात तयार झालेल्या 1,000 ड्रोननी राष्ट्रपती भवनाजवळच्या आभाळात नकाशे आणि आकृत्या रेखल्या. पण तिथे प्रत्येक ठिपका हे एक उडणारे यंत्र असते. त्याला बॅटरी असते, आवाज असतो, आणि बिघडले तर ते खाली पडते.

उरतो सर्वांत वजनदार आक्षेप: एखाद्याला भास झाला असेल, पण हजारो लोकांनी एकाच वेळी आकाशात काहीतरी पाहिले असेल तर? 2 एप्रिल 2022च्या संध्याकाळी महाराष्ट्रात नेमके हेच घडले. विदर्भ, खानदेश आणि शेजारच्या मध्य प्रदेशातल्या लोकांनी आभाळातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, परग्रहावरचे यान, जे सुचेल ते त्या रात्री बोलले गेले. मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले, आणि आसपास धातूचे गोळेही. उपग्रह-अभ्यासकांनी ते दृश्य चीनच्या ‘चँग झेंग-3बी’ रॉकेटच्या, फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या, टप्प्याच्या परतीशी जुळवले. या घटनेतून शिकण्यासारखे म्हणजे, खरी आकाशातली गोष्ट कशी वागते. ती शेकडो किलोमीटर दूरच्या जिल्ह्यांत एकाच वेळी दिसली, प्रत्येक ठिकाणाहून वेगळ्या दिशेला दिसली, आणि त्या साऱ्या दिशा कागदावर आखल्या तर एकाच वाटेवर जुळतात. प्रक्षेपित चित्राला हे जमत नाही. समजा खापरच्या डोक्यावर एक किलोमीटर उंचीच्या ढगावर कोणी आकृती उमटवली. खापरमध्ये मान वर करून पाहावे लागेल. बारा-एक किलोमीटरवरच्या गावातून तीच आकृती खापरच्या बाजूला, क्षितिजापासून फक्त पाच अंशांवर दिसेल, म्हणजे हात ताणून धरलेल्या तीन बोटांएवढ्या उंचीवर, आणि खालून चपटी झालेली. याउलट ऐंशी किलोमीटर उंचीवर जळणारा रॉकेटचा तुकडा दोन्ही गावांतून जवळजवळ त्याच जागी दिसेल. फरक पडेल तो आठ-नऊ अंशांचा. उंचीचा निकाल लागतो तो असा, दोन माणसांवर आणि एका फोनवर. सूर्यास्तानंतर एका रांगेत सरकणाऱ्या दिव्यांची माळ दिसते ती स्टारलिंकच्या उपग्रहांची, हेही अशाच रीतीने ताडता येते.

शंका घेणाऱ्याला वेड्यात काढणे मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि या भागात तर तसे करण्याचा कोणाला अधिकारही नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी 33 गावे येणार होती ती याच अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. अक्कलकुव्याचे मणिबेली 1993 मध्ये त्यांतले पहिले बुडाले. कोण बाधित, कोण नाही, कोणाची जमीन किती आणि ती कुठे मिळणार, यावर लोकांनी वर्षानुवर्षे भांडण केले. त्याच धरणाच्या खालच्या अंगाला, केवडियाला, आज 182 मीटर उंच पुतळ्यावर रात्री रंगीत उजेडाचे चित्रपट दाखवले जातात. सत्ता सांगते ते सगळे खरे नसते, हे नर्मदेकाठच्या माणसाला कोणी शिकवायला नको. पण मणिबेलीच्या माणसांनी आपली शंका ज्यावर रोखली ती गोष्ट तपासता येण्यासारखी होती: सातबारा, पाण्याची पातळी, सर्वेक्षणाची खूण, यादीतले नाव. म्हणूनच त्या लढ्यात काही मिळवता आले. आकाशातल्या होलोग्रामची शंका अशी, की दिसले तरी ती खरी आणि नाही दिसले तरी खरी. खुलासा आला तर तोही कटाचा भाग. जिला खोटे ठरवण्याची एकही वाट नाही, ती शंका माणसाला जागे ठेवत नाही. ती त्याचे लक्ष दुसरीकडे वळवते.

आणि जिथून लक्ष वळू नये अशी जागा आपल्या हातात आहे. मोबाइलचा पडदा नेहमी डोळ्यांच्या रेषेत असतो, त्याला धुके लागत नाही, वारा फाडत नाही, आणि तो बाजूने पाहून खोटा ठरवता येत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, 1 जुलै 2018 रोजी, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी सर्वांत गाजलेली एक कराचीत तयार झालेली होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला तो जागृतिपट. मोटारसायकलस्वार मूल परत आणून ठेवतो आणि संदेशाचा फलक दाखवतो, तो शेवटचा भाग कापून ती आपल्याकडे फिरवली गेली. ऑक्टोबर 2015 मध्ये चीनच्या फोशान शहरावर ढगांत तरंगणारे शहर दिसल्याची बातमी पसरली तेव्हाही ज्याने जगाला थक्क केले ते आकाश नव्हते, ती एक छोटी चित्रफीत होती. सत्तर लाखांहून अधिक वस्तीच्या शहरावर खरेच काही तरंगले असते तर शेकडो बाजूंनी घेतलेली शेकडो चित्रे निघाली असती. आकाशात किलोमीटरभर चित्र उमटवण्याला जे पन्नास किंवा पाच हजार प्रोजेक्टर लागतात, त्यांच्या तुलनेत आकाशात तसे दिसले असे मोबाइलवर दाखवायला आज एक माणूस आणि एक संध्याकाळ पुरते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तर तेवढीही लागत नाही. ज्याला फसवायचे आहे तो महाग आणि पकडली जाणारी वाट सोडून स्वस्त आणि न पकडली जाणारी वाटच धरील.

म्हणून वाचकाला एक विनंती. आभाळात कधी अनोळखी काही दिसले, तर व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी घड्याळ पाहून वेळ लिहा, हाताच्या बोटांनी क्षितिजापासून उंची मोजा, कोणत्या डोंगराच्या किंवा टॉवरच्या वर दिसते ते टिपा, आणि धडगाव, तळोदा किंवा सागबाऱ्याच्या एखाद्या नातेवाइकाला फोन लावून एवढेच विचारा: तुम्हाला दिसते का, आणि कुठल्या दिशेला? ते काय असावे हे त्याला आधी सांगू नका. आणि मोबाइलवर आलेले असेल, आभाळात दिसलेले नसेल, तर ज्याने पाठवले त्याला विचारा, की हे पाहताना तो स्वतः कुठे उभा होता.